नवं डांबर, वाढलेला वेग: विश्रामबागेतल्या एका जोडरस्त्याचं प्रकरण

वसाहतीतल्या रस्त्याचं डांबरीकरण झालं की थोड्याच दिवसांत वेगाच्या तक्रारी सुरू होतात. खड्डे होते तोवर गाड्या आपोआप हळू जात होत्या. खड्डे गेले, रस्ता सरळ आणि गुळगुळीत झाला, आणि वेग रोखणारं काहीच उरलं नाही. मग कुणीतरी घराच्या बांधकामातून उरलेलं काँक्रीट रात्रीत रस्त्यावर ओततं, कुणी बाजारातून पिवळ्या-काळ्या प्लास्टिकचा पट्टा आणून ठोकतं. वेग तेवढाच राहतो, वर भांडणं वाढतात.

इथे घेतलेला रस्ता सांगलीच्या विश्रामबाग भागात सांगली–मिरज रस्ता आणि शंभर फुटी रस्ता यांना जोडणाऱ्या गल्ल्यांच्या धर्तीवर बेतलेला आहे. एका विशिष्ट गल्लीचं नाव त्याला देता येणार नाही. लांबी, वाहनांच्या नोंदी आणि अंतरं उदाहरणादाखल धरली आहेत. बांधकामाची मापं, कायद्याची कलमं आणि हिशेबाच्या पद्धती मात्र प्रत्यक्ष वापरातल्या आहेत. आपल्या गल्लीची लांबी घालून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

रस्ता

लांबी ४२० मीटर, सरळ. डांबरी भाग ७ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना उघडं गटार, फूटपाथ नाही. उत्तरेच्या टोकापासून १६० मीटरवर शाळेचं फाटक, २६५ मीटरवर आडव्या गल्लीचा चौक. दोन्ही टोकांना वर्दळीचे रस्ते. सकाळी शाळा आणि कॉलेज, संध्याकाळी क्लासेस सुटण्याची वेळ, या दोन वेळा सगळ्यात वाईट. मुख्य रस्त्यावर सिग्नलला थांबण्यापेक्षा या गल्लीतून निघालेलं बरं, असं ज्यांना वाटतं त्यांची यात भर.

धोका किती, हे साध्या गणितानं कळतं. चालकाला मूल दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. ताशी ३० किमी वेगात गाडी त्या सेकंदात ८.३ मीटर पुढे जाते आणि कोरड्या डांबरावर आणखी साधारण ६ मीटरमध्ये थांबते. म्हणजे एकूण १४ मीटर. ताशी ५० किमीला पहिल्या सेकंदातच १४ मीटर संपतात, आणि पूर्ण थांबायला ३० मीटर लागतात. फाटकातून मूल १५ मीटरवर रस्त्यात आलं, तर ३० च्या वेगातली गाडी त्याच्या अलीकडे थांबेल. ५० च्या वेगातली गाडी त्याला जवळपास पूर्ण वेगात धडकेल. निवासी रस्त्यासाठी जगभर ३० चा आग्रह धरला जातो, तो याच कारणानं. २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहनं एकत्र येतात अशा ठिकाणी हीच मर्यादा सुचवली आहे.

आधी मोजणी

"गाड्या फार जोरात जातात" एवढ्या वाक्यावर महापालिकेची फाइल पुढे सरकत नाही, आणि सरकूही नये. कारण तक्रारीमागे दोन वेगळे आजार असू शकतात. एक, वेग. दुसरा, बाहेरच्या वाहनांची संख्या. दोन्हींवर उपाय वेगळे आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर पैसे वाया जातात.

वेग मोजायला रडार गन लागत नाही. रस्त्यावर खडूनं ५० मीटर अंतरावर दोन रेघा मारा. पहिली रेघ ओलांडल्यापासून दुसरी ओलांडेपर्यंत किती सेकंद लागले ते नोंदवा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी वेग मिळतो: ६ सेकंद म्हणजे ३०, ४ सेकंद म्हणजे ४५, ३ सेकंद म्हणजे ६०. हातातल्या स्टॉपवॉचची खोट अशी की बोट दाबायला ०.२ सेकंद उशीर झाला तरी ६० च्या जागी ५६ किंवा ६४ येतात. म्हणून गच्चीवरून मोबाइलनं चित्रीकरण करावं आणि फ्रेम मोजाव्यात. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर चूक नगण्य राहते. चित्रीकरण करणाऱ्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहू नये. माणूस काहीतरी टिपतोय असं दिसलं की चालक वेग कमी करतात आणि नोंद खोटी पडते.

किमान १०० वाहनं मोजा, पण पुढे दुसरी गाडी नसलेलीच. गर्दीत अडकलेल्या गाडीचा वेग रस्त्याबद्दल काही सांगत नाही. सगळे वेग चढत्या क्रमानं लावा आणि १०० पैकी ८५ वा आकडा घ्या. वाहतूक अभियंते याच आकड्यावर निर्णय घेतात. सरासरी पाहिली तर सायकली आणि हळू चालणाऱ्या स्कूटरींमुळे चित्र सौम्य दिसतं. आपल्या उदाहरणात ८५ वी नोंद ३.९ सेकंदांची धरू, म्हणजे ताशी ४६ किमी.

आता दुसरा आजार. दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं बसवा. एकानं नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे आणि वेळ सांगायची, दुसऱ्यानं लिहायची. एक तास पुरे. ४२० मीटर अंतर ताशी ३० वेगानं ५० सेकंदांत कापलं जातं, म्हणून एका टोकाला आत आलेली गाडी दोन मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला बाहेर पडली तर ती गल्लीत कुणाकडे आलेली नाही, तिला नुसतं पलीकडे जायचं होतं. तासात २४० गाड्या आणि त्यातल्या १५० अशा आरपार जाणाऱ्या, असं निघालं तर प्रश्न दुहेरी आहे. याउलट बहुतेक गाड्या गल्लीतल्याच निघाल्या, तर आधी वसाहतीची बैठक घ्या. हे अनेकदा घडतं आणि ऐकायला कुणाला आवडत नाही. त्यात लायसन्स नसलेली मुलं गाडी चालवताना दिसली तर पालकांना मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ वाचून दाखवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

मर्यादा कुणी ठरवायची

केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी मोटारींना ताशी ७० आणि दुचाकींना ६० ही कमाल मर्यादा आहे. ४६ चा वेग गल्लीतल्या लोकांना जीवघेणा वाटतो, पण त्या अधिसूचनेप्रमाणे तो गुन्हा ठरत नाही. बहुतेक तक्रारी इथेच अडकतात. त्यापेक्षा कमी मर्यादा लागू करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ खाली रीतसर आदेश लागतो, आणि फलक कलम ११६ प्रमाणे अधिकृतपणे लावावा लागतो. मंडळानं स्वखर्चानं लावलेल्या "वेग मर्यादा २०" या पाटीवर पोलिसांना दंड करता येत नाही.

सांगलीत पोलीस आयुक्तालय नाही. वाहतुकीचा विषय जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या अखत्यारीतल्या वाहतूक शाखेकडे जातो, रस्त्याचं बांधकाम सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेकडे. त्यामुळे एकच अर्ज करून दोन प्रती द्याव्यात: एक महापालिका आयुक्तांच्या नावे प्रभाग कार्यालयात, दुसरी वाहतूक शाखेला. दोन्हींवर आवक शिक्का घ्या. रस्ता महापालिकेचा आहे की सार्वजनिक बांधकाम विभागाचा, हे आधी विचारून घ्या. टोकाचे मोठे रस्ते वेगळ्या खात्याचे असू शकतात आणि मग चौकातलं काम त्या खात्याच्या परवानगीशिवाय होत नाही.

अर्जात "स्पीड ब्रेकर बसवून मिळावेत" असं लिहू नये. उपाय आधीच ठरवून दिला की कनिष्ठ अभियंता तेवढाच बसवतो, तोही लोक म्हणतील त्या जागी. लिहायचं ते असं: रस्त्याची लांबी-रुंदी, मोजणीची तारीख आणि वेळ, ८५ वा वेग, आरपार जाणाऱ्या गाड्या, शाळेचं फाटक कुठे आहे. आणि मागणी एकच, महापालिका आणि वाहतूक शाखेची संयुक्त स्थळ पाहणी. पाहणी शाळा सुटण्याच्या वेळीच ठेवायला सांगा. दुपारी तीनला गल्ली शांत असते आणि अहवालात तसंच उतरतं. पाहणीनंतर प्रकरण अडलं तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे ते मांडता येतं.

आराखडा

एकच गतिरोधक बसवला तर वेग त्या २० मीटरपुरता पडतो, आणि चालक वाया गेलेला वेळ भरून काढायला पुढे जास्त पळवतो. गतिरोधक २५ च्या वेगानं ओलांडून चालकानं सौम्यपणे वेग वाढवला, सेकंदाला ०.७ मीटर प्रतिसेकंद इतका, तर पुढचा अडथळा २०० मीटरवर असताना मध्यावर त्याचा वेग ४९ होतो. ११० मीटरवर असेल तर ४०. ७० मीटरवर असेल तर साधारण ३५. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी:९९ या मार्गदर्शिकेनं १९८८ मध्ये मालिकेतल्या गतिरोधकांसाठी १०० ते १२० मीटर अंतर दिलं होतं. ते पाळलं तरी शाळेजवळ ते अपुरं पडतं, हे या हिशेबातून दिसतं.

म्हणून इथला आराखडा असा बसतो. उत्तरेकडून ५० मीटरवर गोल माथ्याचा गतिरोधक. १६० मीटरवर शाळेसमोर उंच केलेलं, सपाट माथ्याचं पादचारी क्रॉसिंग. २६५ मीटरवरच्या चौकात मध्ये छोटं वर्तुळ आणि चारही कोपरे कर्ब (कडेचे दगड) लावून आत घेतलेले. ३७० मीटरवर दुसरा गोल गतिरोधक. अंतरं ११०, १०५, १०५. उरलेला वेग पार्किंगनं मारायचा: ५० ते १६० मीटरच्या पट्ट्यात गाड्या पूर्वेला, १६० च्या पुढे पश्चिमेला. उभ्या गाडीला २ मीटर गेले की ७ पैकी ५ मीटर उरतात, आणि सरळ रस्ता शाळेपाशी वळतो. चालकाला लांबवर मोकळी पट्टी दिसत नाही, म्हणून पाय आपोआप सैल होतो. पार्किंगची बाजू नुसत्या रंगानं दाखवून चालत नाही. पट्ट्याच्या सुरुवातीला १.८ मीटर रुंद काँक्रीटचं बेट आणि त्यावर परावर्तक खांब हवा, नाहीतर पहिली गाडी उभी राहण्याआधी तिथून दुचाकी सुसाट जातात. फाटकाच्या दोन्ही बाजूंना १०-१० मीटर पार्किंग अजिबात नको. उभ्या गाडीमागून अचानक आलेलं मूल चालकाला दिसत नाही.

आरपार जाणाऱ्या गाड्यांसाठी रस्ता एका टोकाला बंद करावा, असं कुणीतरी सुचवतंच. सांगलीत ते सावधपणे करावं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी दाखवलं की त्या दिवसांत शहराचा बराच भार उंच भागातल्या रस्त्यांवर येतो. तेव्हा बंद करायचंच तर कुलूप काढून उपटता येणारे खांब लावावेत, आणि चावी प्रभाग कार्यालय व अग्निशमन विभाग दोघांकडे असावी. त्याआधी मुख्य रस्त्यावरच्या सिग्नलची वेळ तपासायला सांगणं जास्त फायद्याचं. तिथे उगाच लांब लाल दिवा असेल तर गाड्या गल्ल्यांत शिरणारच.

खडखडाट करणाऱ्या बारीक पट्ट्यांची मालिका, म्हणजे रंबल स्ट्रिप, वसाहतीत नको. वेग फारसा उतरत नाही आणि रात्रभर आवाज येतो.

एक गतिरोधक नीट बांधायचा म्हणजे

काँक्रीटच्या अरुंद उंचवट्यानं किंवा ३०-३५ सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिक पट्ट्यानं काम का होत नाही, हे १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या रस्ते प्रयोगशाळेतल्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. अरुंद उंचवट्यावर वेगात गेलं तर धक्का सस्पेन्शन गिळतं आणि हळू जाणाऱ्यालाच जास्त बसतो. म्हणजे शिक्षा सावकाश जाणाऱ्या आजोबांच्या स्कूटरला होते. ३.७ मीटर लांब, १० सेंटिमीटर उंच उंचवट्यावर मात्र पुढची-मागची दोन्ही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, आणि वेग वाढेल तसा हिसका वाढतो. आयआरसी:९९ च्या १९८८ च्या आवृत्तीनं हेच माप घेतलं: प्रवासाच्या दिशेत ३.७ मीटर, मध्यभागी १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर, ओलांडण्याचा अपेक्षित वेग ताशी २५ किमी.

कंत्राटदाराच्या माणसाला त्रिज्या सांगून उपयोग नाही. प्लायवूडचा साचा कापून द्या. मध्यावर १० सेंमी, मध्यापासून अर्ध्या मीटरवर ९.३, एक मीटरवर ७.१, दीड मीटरवर ३.४ आणि १.८५ मीटरवर शून्य. हा साचा नसेल तर मजूर डोळ्यानं ढीग लावतात. त्याची लांबी दीड मीटर आणि उंची १५ सेंमी होते, आणि मोटारींचं बूड घासतं.

काठ शून्यावर उतरवताना खडी टिकत नाही, पहिल्या पावसात सुटते. त्यासाठी दोन्ही काठांच्या आत ३० सेंमी रुंद आणि ३ ते ४ सेंमी खोल चर मशिननं कापून घ्यायची, म्हणजे काठालाही जाडी मिळते. मधला पृष्ठभाग टोकरून खरबरीत करायचा, धूळ हवेनं उडवायची, आणि टॅक कोट (नवा थर चिकटावा म्हणून पातळ डांबर) चौरस मीटरला ०.२ ते ०.३ किलो फवारायचा. टॅक कोट काळा पडल्यावर माल, म्हणजे गरम डांबर-खडीचं मिश्रण, टाकायचा; तपकिरी असताना टाकला तर थर घसरतो. माल दोन थरांत टाका, कारण १० सेंमी एकाच थरात नीट दबत नाही. तो ९० अंशांखाली थंड व्हायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. लांबून येणारा थोडासा माल डंपरमध्ये लवकर गार होतो, म्हणून दोन्ही गतिरोधक आणि क्रॉसिंग एकाच दिवशी लावावेत.

मालाचा हिशेब असा: आडव्या छेदाचं क्षेत्र सुमारे ०.२५ चौरस मीटर. ७ मीटर रस्त्यात गटाराच्या बाजूंना ३०-३० सेंमी पाण्यासाठी सोडले तर लांबी ६.४ मीटर, घनफळ १.६ घनमीटर, दाबलेल्या मालाचं वजन साधारण ३.६ टन. चरीसह ४ टन धरा. दरसूचीतला दर लावून रक्कम काढता येते, आणि मोजमाप पुस्तिकेत याच्या दुप्पट टन दिसले तर विचारता येतं.

सोडलेल्या ३० सेंमी फटीतून दुचाकी जाते. चालक शेवटच्या क्षणी कडेला वळतो, नेमकं तिथेच पादचारी चालत असतात. त्या फटीच्या दोन्ही अंगांना एक-एक खांब रोवावा. फट बुजवून खालून पाइप टाकण्याची पद्धतही आहे, पण पाइप पालापाचोळ्यानं तुंबतो आणि सपाट सांगलीत पाणी मग घरात शिरतं. खांबच बरे.

शाळेसमोरच्या क्रॉसिंगचा माथा १० सेंमी उंच, ४ मीटर सपाट आणि दोन्ही बाजूंना दीड ते दोन मीटर उतार. मुलं आणि पालक घोळक्यानं ओलांडतात, म्हणून इथे गोल माथा नको. माथ्याच्या दोन्ही टोकांना व्हीलचेअर जाईल असा उतार करा, नाहीतर पायरी राहते.

गतिरोधक कुणाच्या फाटकासमोर, मॅनहोलवर किंवा नळजोडाच्या चरीवर बांधू नये. काळ्या मातीच्या भागात अशी चर पुन्हा बसते आणि उंचवटा मधून खचतो. झोपायच्या खोलीच्या खिडकीखालीही नको. दोन प्लॉटच्या सामाईक हद्दीवर आणि विजेच्या खांबाजवळ जागा निवडली तर आवाजाचा त्रास कमी होतो आणि रात्री तो दिसतो.

रंग त्याच दिवशी. "रंगाचं टेंडर वेगळं आहे, नंतर मारू" हे उत्तर कुणीही मान्य करू नये, कारण न रंगवलेला ताजा काळा गतिरोधक रात्री कुणालाच दिसत नाही. गरम करून लावायच्या थर्मोप्लास्टिक रंगाचे पांढरे पट्टे, त्यात काचेचे मणी, आणि ४० मीटर अलीकडे सूचनाफलक. पहिला गतिरोधक ५० मीटरवर असल्यामुळे फलक टोकापासून १० मीटरवर येतो, म्हणजे वळून आत येणाऱ्याला तो लगेच दिसतो. रंग होईपर्यंत परावर्तक लावलेली बॅरिकेड काढू देऊ नका.

आधी ठोकलेले प्लास्टिकचे पट्टे आणि काँक्रीटचे उंचवटे याच कामात काढायचे, हे अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून लिहून घ्या. पट्टा निघतो पण बोल्ट राहतात, आणि ते टायर फाडतात. काम ऑक्टोबर ते मे या काळातच.

१०८ रुग्णवाहिकेला अडथळा होतो, हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक गतिरोधकाला काही सेकंद जातात. मापात बांधलेला असेल आणि सावकाश ओलांडला तर रुग्णाला हादरा कमी बसतो. १५ सेंमीच्या काँक्रीटवर जोरात बसतो.

काम झाल्यावर

लगेच मोजू नये. पहिले काही दिवस चालक बिचकतात, मग सरावतात. दीड महिन्यानं त्याच वारी, त्याच वेळी, आणि दोन अडथळ्यांच्या मध्यावर मोजा. गतिरोधकाजवळ मोजलेला वेग सगळ्यांना खूश करतो आणि काही सांगत नाही. मध्यावर ८५ वा वेग ३५ च्या वर राहिला तर आणखी एक गतिरोधक घालण्यापेक्षा आधी पार्किंगची बाजू पाळली जाते का ते पाहा. बहुतेकदा तिथेच गळती असते.

त्याच दिवशी शेजारच्या दोन समांतर गल्ल्यांतही नंबरप्लेटची मोजणी करा. इथल्या कमी झालेल्या गाड्या तिकडे गेल्या असतील, तर त्या गल्लीच्या लोकांचा राग न्याय्य आहे. सगळ्या जोडगल्ल्यांचा आराखडा एकत्र मागणं हाच त्यावरचा मार्ग.

गणेशोत्सवात मंडपासाठी गतिरोधकाच्या काठाला खड्डे खणले जातात, तिथून डांबर उसवतं. परवानगी देताना मंडपाची जागा गतिरोधकापासून दूर ठेवायला प्रभाग कार्यालयाला लेखी कळवा. आणि पुढचं डांबरीकरण झालं की नवा थर गतिरोधकावरूनच फिरतो. रस्ता ४ सेंमी वर येतो, उंचवटा बुजतो किंवा वेडावाकडा होतो. त्यासाठी पुढच्या डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात "गतिरोधक काढून मूळ मापात पुन्हा बांधणे" ही बाब घालून घ्या. साचा प्रभाग कार्यालयात हरवतो, म्हणून त्याची एक प्रत वसाहतीत ठेवा.